ओठ उचलून बघा: दुधाचे दात आणि लसीचा दिवस

सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत पांढऱ्या रेघा दिसतात, घरचे म्हणतात ‘दुधाचेच आहेत, पडतील’, आणि एवढ्या लसी झाल्या तरी डॉक्टरांनी कधी दात पाहिले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात नऊ वर्षं अंगणवाड्यांतली मुलं तपासली, म्हणून सविस्तर लिहिते.

ताई, खडूसारखी पांढरी रेघ म्हणजे बहुतेक वेळा किडीची सुरुवात. दातातली खनिजं झिजायला लागलेली असतात, खड्डा मात्र अजून पडलेला नसतो. या टप्प्यावर कीड थांबवता येते. रेघ तपकिरी होऊन दात खचला की मग बहुतेकदा भरण्याशिवाय किंवा काढण्याशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून याच आठवड्यात दाखवा.

पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. एका अंगणवाडीत तीन वर्षांचा मुलगा होता. वजन कमी, आणि आई सांगायची, ‘जेवताना नाटकं करतो.’ तोंड उघडून पाहिलं तर दोन्हीकडच्या दाढा पोखरलेल्या. त्याला चावताच येत नव्हतं. त्याच्या कार्डावर वजनाची प्रत्येक नोंद होती, दातांबद्दल एक अक्षर नव्हतं. ते कार्ड अजून डोळ्यांसमोर येतं.

माझं ठाम मत आहे की लसीच्या दिवशी दात पाहिलेच पाहिजेत. गोवरची लस नऊ महिन्यांना असते, तेव्हा बहुतेकांचे खालचे दोन दात आलेले असतात. १६ ते २४ महिन्यांच्या बूस्टरला दाढा यायला लागतात. पाच-सहा वर्षांच्या बूस्टरच्या सुमारास पहिली पक्की दाढ येते. ती कुठलाही दात न पडता मागे येते, म्हणून आया तिला दुधाचीच समजतात आणि ती लवकर किडते. ओठ उचलून बघायला अर्धा मिनिट लागतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१४ मध्येच शिफारस केली की पहिला दात आल्यापासून मुलांच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच फ्लोराइड वार्निश, म्हणजे किडीपासून बचावासाठी दातांवर लावायचा फ्लोराइडचा पातळ थर, लावावं. आपल्याकडेही २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत दंतविकार आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथक येतं, त्या दिवशी मुलीला आवर्जून न्या आणि ‘दात बघा’ असं स्वतः म्हणा. उपचार लागले तर पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तिथे खर्च पडत नाही. बालरोगतज्ज्ञांनाही हेच सांगा. त्यांना दात दिसत नाहीत असं नाही, विचारणारं कुणी नसतं.

घरी दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ब्रश तुमच्या हाताने. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी, दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. घरात कुणी मशेरी लावत असेल तर ते बोट बाळाच्या हिरडीला लागू देऊ नका. तिथे तडजोड करायची नाही.

यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळेही दातांवर डाग पडतात, मुख्यतः पक्क्या दातांवर. तुमच्याकडे पाणी नळाचं की बोअरचं तेवढं लिहा, आणि दाखवून आलात की डॉक्टर काय म्हणाले ते कळवा.