एकाच नियमावलीत सगळ्या कथा मावतील का?

प्रश्न : आम्ही चार मित्र दर रविवारी टेबलाभोवती बसून रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन कथा पुढे नेण्याचा खेळ, खेळतो. कधी कथा किल्ल्यावरची, कधी अंतराळातली. दर वेळी नवे नियम शिकावे लागतात. कोणत्याही कथेला चालणारी ‘गर्प्स’ ही नियमावली घ्यावी का?

उत्तर : जरूर घ्या, पण पूर्वतयारीची हौस असेल तरच. स्टीव्ह जॅक्सन गेम्सने १९८६ मध्ये आणलेल्या आणि २००४ पासून चौथ्या आवृत्तीत असलेल्या या नियमावलीत तीन फाशांची बेरीज पात्राच्या कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम फत्ते होते, मग हाती तलवार असो वा लेझर बंदूक. ही बेरीज मधल्या आकड्यांभोवतीच अधिक पडत असल्याने कौशल्य १० असताना यशाची शक्यता ५० टक्के असते, तर १२ झाल्यावर ती सुमारे ७४ टक्क्यांवर जाते. पात्राने घेतलेली मेहनत अशी फाशांत दिसते, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र लढाईची फेरी एका सेकंदाची असल्याने भात्यातला बाण धनुष्याला लावण्यातच सहसा दोन फेऱ्या जातात आणि छोटी चकमकही लांबते. पात्र घडवायला मिळणाऱ्या गुणांतले २० खर्चून चपळाई किंवा बुद्धी एका पायरीने वाढवली की कित्येक कौशल्ये एकदम वधारतात, म्हणून सगळे तेच करतात आणि पात्रे एकाच साच्यातली होऊ लागतात. शिवाय शेकडो नियमांतले कोणते वापरायचे, हे खेळ चालवणाऱ्यालाच आधी निवडावे लागते. ३२ पानांची ‘गर्प्स लाइट’ ही संक्षिप्त नियमावली विनामूल्य मिळते. पहिले काही रविवार तिच्यावरच खेळा.