हार्डडिस्कच्या नावात & असलं की बॅकअप एरर का देतो? नाव मराठीत ठेवू नये का?

नाव मराठीत ठेवा, एक-दोन अपवाद खाली सांगतो. खोड त्या & ची आहे, आणि हे मला चार रात्री जागून कळलंय.

दारव्हा तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. दुकान दादाचं, कॉम्प्युटर माझ्याकडे. बाहेरच्या हार्डडिस्कला दादानं हौसेनं इंग्रजी अक्षरांत 'बियाणे & खते' नाव दिलं. रोज रात्री एक बॅच फाईल (ओळीनं चालणाऱ्या कमांडांची यादी) डिस्कचं नाव वाचायची आणि त्याच नावाच्या फोल्डरात एक्सकॉपी या विंडोजच्या कॉपी कमांडनं सगळं उतरवायची. जूनमध्ये, ऐन पेरणीत, लाईन ये-जा करून कॉम्प्युटर बसला. बॅकअप उघडला तर वरवरच्या फायली तेवढ्या होत्या. आतले फोल्डर, म्हणजे गावोगावची उधारी, नव्हतेच. दादा म्हणे, "तू बॅकअप घेतलाच नसन." तालुक्यावरून आलेला इंजिनिअर म्हणे, "फोल्डरले मराठी नावं देता, म्हणून असं होते."

चार रात्री बिलबुकांतल्या पुसट कार्बनवरून उधारी परत चढवली. मग ती बॅच फाईल ओळीनं वाचली. सीएमडीत, म्हणजे विंडोजच्या कमांडच्या खिडकीत, & म्हणजे इथं एक कमांड संपली, पुढची सुरू. आमची ओळ 'बियाणे'पाशीच तुटत होती. आतले फोल्डरही घे, असं सांगणारा स्लॅश एस ओळीच्या शेवटी होता, तो 'खते'सोबत पलीकडे जायचा. 'खते' नावाची कमांड नाही, म्हणून एरर. आणि खिडकी लगेच बंद. & काढून चालवली, तर मराठी नावांचे सगळे फोल्डर जसेच्या तसे उतरले. इंजिनिअरला फोन केला, तो "असन" म्हणाला अन् ठेवला.

तुम्ही राईट क्लिक करून डिस्कचं नाव बदला, आतल्या डेटाला धक्का लागत नाही. डिस्क एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर नावाला 32 अक्षरं मिळतात, फॅट32 असेल तर 11, आणि त्यात देवनागरी बसत नाही. &, %, ^ टाळाच. बॅच फाईल स्वतःची असेल तर पाथ दुहेरी अवतरणात घाला.

एक खरं, की काही जुनी सॉफ्टवेअरं युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत, जाणत नाहीत. विंडोजमध्ये अशा सॉफ्टवेअरांना वापरता येईल असं देवनागरीचं कोडपेज (जुना अक्षरांचा तक्ता) नाही, त्यामुळं ती मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं टाकतात, आणि प्रश्नचिन्ह फाईलच्या नावात चालत नाही. तसलं सॉफ्टवेअर असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत ठेवावं लागेल. पण तीही मराठीची चूक नव्हे.

आणि बॅकअप झाला की सगळ्यात आतला फोल्डर उघडून पाहा. 'इतक्या फायली कॉपी झाल्या' ही ओळ माझ्या खिडकीत रोज यायची. मी रोज बॅकअप घेत होतो, दादा.