भूजलाचा नकाशा 'अतिउत्तम' म्हणतोय आणि तिथल्याच विहिरी कोरड्या

तुमचा प्रश्न असा की भूजल कुठे मिळू शकेल त्याचा नकाशा करायला सात थर घेतले, एएचपीने (थरांची दोन-दोन करून तुलना करत महत्त्व ठरवायची पद्धत) वेट म्हणजे भार दिले, कन्सिस्टन्सी रेशो ०.१ च्या खाली आला, तरी जो पट्टा 'अतिउत्तम' आलाय तिथल्याच विहिरींना पाणी नाही, मग आता वेट बदलून बघू का. माझं स्पष्ट मत, वेटना आत्ता हात लावू नका. तो ०.१ चा आकडा फक्त एवढंच सांगतो की तुम्ही केलेल्या तुलना एकमेकींशी जुळतायत, जमिनीशी जुळतात का ते त्याला माहीतच नसतं. आणि विहिरी बघून वेट फिरवत बसलात तर नकाशा जुळेल हो, पण मग तो तपासणार कशावर?

आधी थर बघा. उतार, टीडब्ल्यूआय (पाणी कुठे साचेल त्याचा निर्देशांक) आणि ड्रेनेज डेन्सिटी (ओढ्या-नाल्यांची दाटी) तिन्ही तुम्ही एकाच डीईएमवरून म्हणजे जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून काढलेत, म्हणजे सपाट जागेला त्याच कारणासाठी पुन्हा पुन्हा मार्क मिळाले. वर सपाट, खाली वीतभर माती आणि त्याखाली अखंड खडक असेल तर पाणी मुरणार कुठे? व्हीआयएफ (एक थर बाकीच्या थरांशी किती जुळतो त्याचा आकडा) काढा, ज्यांचं एकमेकांशी जास्त जुळतंय त्यातला एकच ठेवा. पावसाचा थरही छोट्या क्षेत्राला फारसा उपयोगी नाही, चर्प्स या उपग्रहावर आधारलेल्या पावसाच्या डेटाचा एक पिक्सेल साधारण ५ किमीचा, तुमच्या अख्ख्या पाणलोटात मोजकेच पिक्सेल येणार.

खरं काम लिनिअमेंटमध्ये (खडकातल्या भेगा सुचवणाऱ्या सरळ रेघांच्या थरात) आहे, निदान कठीण खडकात तरी, कारण तिथे पाणी राहतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. तुम्ही ऑटोमॅटिक टूल चालवलंय असं दिसतंय, ते टूल रस्ता, कालवा, शेताचा बांध सगळ्यालाच सरळ रेघ समजतं, त्यामुळे सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटरची इमेज खाली ठेवून एकेक रेघ डोळ्याने तपासा आणि माणसाने केलेल्या सगळ्या उडवा. दुसरं म्हणजे हिलशेड (डीईएमवर एका बाजूने प्रकाश टाकून काढलेलं उजेड-सावलीचं चित्र) एकाच दिशेने काढू नका, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्रकाश ३१५ अंशांवरून म्हणजे वायव्येकडून येतो, आणि वायव्य-आग्नेय जाणाऱ्या भेगा प्रकाशाला समांतर पडल्याने दिसतच नाहीत, म्हणून निदान चार दिशांनी काढा. उरलेल्या रेघांतही डाईक (भेगेत शिरून थिजलेल्या खडकाची उभी भिंत) कुठली आणि उघडी भेग कुठली ते भूशास्त्रीय नकाशावर बघा, कारण घट्ट डाईक पाणी अडवते, मग एका बाजूची विहीर भरलेली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी असं होऊ शकतं, नकाशावर मात्र दोन्हीकडे सारखाच रंग.

डीईएमबद्दल जाता जाता, आलोस पालसार या उपग्रह-रडारचा १२.५ मीटरवाला म्हणून जो सगळे डाउनलोड करतात तो बऱ्याच ठिकाणी २००० सालच्या एसआरटीएम या अवकाशयानावरच्या रडार मोहिमेच्या डीईएमचाच रीसॅम्पल केलेला असतो, पिक्सेल बारीक झाला म्हणून माहिती वाढत नाही. आणि काही जण ग्रेस (गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून जमिनीतलं पाणी मोजणारे उपग्रह) वापरा म्हणतात, ते काही लाख चौरस किमीच्या प्रदेशाला ठीक, एका पाणलोटाला नाही.

आता विहिरी. कोरडी विहीर दिसली म्हणजे नकाशा चुकलाच असं नाही, पाणी मुरण्याची आणि साठण्याची क्षमता वेगळी आणि आज खाली किती उरलंय ते वेगळं, उपसा जास्त असेल तर चांगल्या जागेचीही विहीर आटते. म्हणून पाण्याच्या पातळीवर तपासू नका, यील्ड म्हणजे विहीर किती पाणी देते ते घ्या, पंप किती वेळ चालतो आणि बंद केल्यावर विहीर किती वेळात भरते ते विचारा. उथळ विहिरी आणि खोल बोअर एकत्र मिसळू नका, सॅटेलाइटला जमिनीचा वरचा भागच दिसतो, त्याचा संबंध उथळ पाण्याशी जास्त. आणि फेल गेलेल्या बोअरची नोंद मुद्दाम गोळा करा, ती सहसा कुणी ठेवत नाही, पण तिच्याशिवाय आरओसीला (नकाशा पाणी लागलेल्या आणि न लागलेल्या जागा किती नीट वेगळ्या करतो ते मोजणारी चाचणी) काही अर्थ नाही, सगळे पॉइंट पाणी लागलेलेच असतील तर नकाशा कशातून काय वेगळं करतोय ते कळणार कसं?

एवढं करून लिनिअमेंटचा नवा थर आणि चारही हिलशेड इथे टाका, डाईकवाल्या रेघा बघून सांगतो.