आधी बोल, मग कॅमेरा उचल

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायला नवीन आहेस, तर पहिले दोन महिने एकच लेन्स वापर. झूम नसलेली, ३५ किंवा ५० एमएम, कुठलीही चालेल. झूम लावून लांबून चोरून टिपलेल्या चेहऱ्यात जीव नसतो, असं माझं ठाम मत आहे.

बुधवारी नाशिकच्या गोदाघाटावर बाजार भरतो, तिथून सुरुवात कर. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नकोस, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/८ वर ठेव आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर सोड. भाजीवाल्या मावशींकडून आधी मेथीची जुडी घे, दोन शब्द बोल, मग विचार, "मावशी, एक फोटो काढू का?" पहिल्या फोटोला त्या ताठ बसतील. तो काढून घे, पण कॅमेरा लगेच खाली ठेवू नकोस. गिऱ्हाईक आलं, हात तराजूकडे गेला, की खरा चेहरा दिसतो. फोकस जवळच्या डोळ्यावर.

दुपारी भांडी बाजारात जा. दुकानाच्या सावलीत माणूस उभा कर. समोरच्या रस्त्यावरचा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो.

रामकुंडावर मात्र जपून. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया चालू असते, बायका स्नान करत असतात. तिथे मी कॅमेरा पिशवीतच ठेवतो.

आणि प्रिंट काढून मावशींना नेऊन दे. पुढच्या बुधवारी शेजारची आजी स्वतःच हाक मारेल.