मुलासाठी ओला-उबरला लावायला कोणती गाडी घेऊ?

राजापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा 19 वर्षांचा, बारावी कॉमर्सला 51 टक्के. कलमांच्या बागेवर सहा लाखांचं कर्ज काढून गाडी घ्यायची, मुलाला नालासोपाऱ्याला चुलत्याकडे ठेवायचं आणि गाडी ओला-उबरला लावायची, असं घरात ठरलंय. डिझायर, वॅगनआर की ऑरा, एवढंच त्यांना विचारायचंय. शेवटी एक ओळ आहे : "तो आयटीआयला मोटर मेकॅनिक करतो म्हणतो, पण त्यात हात काळे करण्यापलीकडे काय आहे?"

नमस्कार.

तुम्ही मायलेजवर पानभर लिहिलंय आणि मुलाला काय हवंय यावर ही एकच ओळ, तीही धुडकावून लावलेली. 51 टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, या ओळीची वाटते. मुलगा काहीच करायचं नाही म्हणत घरात बसला असता तर गोष्ट वेगळी होती. तो स्वतःहून एक काम सांगतोय आणि तुम्ही त्याच्या गळ्यात पाच वर्षांचा हप्ता बांधताय. सहा लाखांवर दहा टक्के व्याज धरलं तरी महिन्याला साधारण 12,750 रुपये होतात. गॅस, विमा, टायर वेगळे. राहायचं चुलत्याच्या घरी, दिवसभर मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, आणि डोक्यावर बापाची बाग गहाण पडल्याचं ओझं. उद्या गाडी ठोकली आणि महिनाभर गॅरेजला पडली, तर तो तुम्हाला फोन करून खरं सांगेल का? याचं उत्तर "हो" असं छातीठोकपणे देता येत नसेल, तर हा बेत इथेच थांबवा.

तसाही हा बेत आज कायद्यात बसत नाही. प्रवासी वाहतुकीची गाडी चालवायला मोटार वाहन कायद्यानुसार वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात. गाडी दारात येईल, हप्ता सुरू होईल आणि मुलगा भाडं मारू शकणार नाही.

"आधी पांढऱ्या पासिंगवर घेऊ, धंदा जमला की पिवळी करू," असंही तुम्ही लिहिलंय. म्हणजे आधी खासगी, पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी आणि मग टॅक्सीची पिवळी पाटी. हा सल्ला कोकणात ज्याच्या-त्याच्या तोंडी असतो. गणपतीत स्टेशनवरून चाकरमान्यांना वाडीवर सोडणाऱ्या पांढऱ्या गाड्या दिसतात, म्हणून ते चालतं असं वाटतं. पकडलं तर टॅक्सीच्या परमिटशिवाय भाडं मारल्याबद्दल 10,000 रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. पण दंड परवडला. हातखंब्याच्या उतारावर अपघात झाला आणि आतली माणसं पैसे देऊन बसलेली निघाली, तर विमा कंपनी अंग काढून घेऊ शकते, किंवा जखमींना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. मालक तुम्ही, आणि तुमच्याकडे विकण्यासारखं आहे ते त्या बागेत.

आता हात काळे करण्याबद्दल. आपल्या किनाऱ्यावरची सात-आठ वर्षांची कुठलीही गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. खाऱ्या हवेने सायलेन्सर पोखरलेला, ब्रेकच्या पाइपांवर गंज, नटबोल्ट पाना लावताच तुटतात. वर एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय अर्धे दोष कळतच नाहीत. गंजही ओळखतो आणि स्कॅनरही वाचतो, अशा माणसाला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. कोर्स 2 वर्षांचा, प्रवेश दहावीच्या गुणांवर, पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे आणि एसटीच्या कार्यशाळांत शिकाऊ उमेदवारीही मिळते.

एवढं करूनही त्याला टॅक्सीच चालवावीशी वाटली, तर विशी उलटल्यावर आधी एक हंगाम दुसऱ्याची पिवळी गाडी पगारावर चालवू दे. मग गाडी बघा. मुंबईच्या कामाला मी कंपनी फिटेड सीएनजीची डिझायर टूर एस (डिझायरचं टॅक्सीसाठीचं मॉडेल) सुचवेन, कारण तिचे पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. कागदावर किलोला तीसच्या वर मायलेज दिसेल. एसी, ट्रॅफिक, भरलेली गाडी हे सगळं धरून हिशेब बावीस-तेवीसवरच करा. गावाकडेच धंदा करायचा असेल तर सीएनजीची टाकी डिकी खाते हे ध्यानात ठेवा. गणपतीला येणाऱ्या चार माणसांच्या बॅगा तिच्यात मावत नाहीत, तिथे अर्टिगाच लागते, आणि आंबा घाट चढताना गॅसवर गाडी दमते. सिलिंडरची चाचणी दर 3 वर्षांनी, आरटीओची फिटनेस तपासणी 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, हे खर्चात धरा. जुनी घ्यायची असेल तर पायाखालचं मॅटिंग उचलून पत्रा बघा आणि लिफ्टवर चढवल्याशिवाय इसार देऊ नका. तपासायला जो माणूस लागेल, तो तुमच्या घरातच तयार होऊ शकतो.

तोवर बागेचा सातबारा बँकेत नेऊ नका. आणि आयटीआयचे फॉर्म सुटले की त्याची दहावीची मार्कशीट कपाटातून काढून त्याच्या हातात द्या.