कशिदा आणि कसीदा

एका वाचकताईंचा प्रश्न आहे: आजीच्या इरकली लुगड्याच्या पदरावर गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती असा कशिदा आहे, त्याचा अर्थ काय? आणि ‘कौतुकाचे कशिदे काढले’ यातला कशिदा हाच का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. हा तो नव्हे! स्तुतीचं काव्य तो कसीदा, शब्द अरबी. उर्दूत सौदा आणि जौक या शायरांचे कसीदे नावाजलेले. कसीदा म्हणायचा असतो, काढायचा नसतो. हिंदी बातम्यांनी दोघांना एकत्र शिवलं आणि आपण ते ठिगळ मिरवतो.

आपला कशिदा फारसी. ‘कशीदन’ म्हणजे ओढणे, ‘कशीदा’ म्हणजे ओढलेलं. इथे कापडातून ओढलेला धागा. जरकशीतला ‘कश’ हाच, तिथे सोन्याची तार ओढतात. कशमकशीत तर दोन्हीकडून ओढाओढ. काश्मीरवरून कशिदा, असं छातीठोक सांगणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

आता खरी गंमत. फारसी ‘कशीदन’ आणि संस्कृत ‘कृष्’ यांचं मूळ एकच. नांगर ओढणं ती कृषी, मन ओढतं ते आकर्षण. आणि आपलं ‘काढणे’? प्राकृतात ‘कड्ढइ’, म्हणजे ओढतो. माझ्या मते तेही ‘कृष्ट’वरूनच. काही पंडित नाक मुरडतात: ‘ष्ट’चा ‘ट्ठ’ होतो, ‘ड्ढ’ कुठून आला? अहो, ‘वेष्ट्’चं प्राकृतात ‘वेढइ’ आणि मराठीत ‘वेढणे’ झालं, तिथे ‘ढ’ चालला ना? मग इथेच का अडता? तेव्हा कशिदा काढणे म्हणजे ओढलेलं ओढणे. दोघी सख्ख्या बहिणी; एक इराणात दिली, एक इथेच राहिली, आणि भेटल्या त्या थेट पदरावर.

हं, पदर. तुमच्या आजीचं काम बहुधा कसुती, म्हणजे धारवाडकडचं भरतकाम. कसुती हा कशिद्याचा अपभ्रंश नव्हे. कन्नड ‘कै’ म्हणजे हात, त्याला सूत जोडून ती फोड करतात. तुळस सौभाग्याची, हत्ती ऐश्वर्याचा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला त्यापेक्षा सुईचं म्हणणं जास्त पटतं. कसुतीत कापडावर आधी चित्र काढत नाहीत, ताणे-बाणे मोजत टाका घालतात. त्यामुळे रेघ आडवी, उभी किंवा तिरकी, गोलाई नाहीच. गोपुर पायरीपायरीनं आपसूक चढतं, वृंदावन चौकोनी ते चपखल बसतं, कमळाला मात्र कोन फुटतात. देवळातलं नि अंगणातलं जे त्या रेघांत मावलं, ते पदरावर टिकलं.

पदर एकदा उलटा करून बघा. कसुतीतला गवंती नावाचा टाका सुईनं जाताना एक सोडून एक भरायचा आणि परतताना मधल्या जागा भरायच्या. गाठ मारायची नाही. मागची बाजू पुढच्यासारखीच दिसली, तर आजीचा हात पक्का होता.