'शॅडो' म्हणजे सावली का?

प्रश्न : बडोद्यातल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेसाठी फोटो तयार करतो आहे. छापखान्यातून निरोप येतो, 'शॅडो उघडा, मिडटोन उचला.' शॅडोला सावली म्हणावे का? आणि 'टोनल रेंज'ला मराठीत काय म्हणता येईल?

उत्तर : सावली म्हणू नये. त्या शब्दाने फोटोतली चुकीची जागा दुरुस्त केली जाईल.

कमाटीबागेत दुपारी काढलेला फोटो घ्या. आजोबा पांढऱ्या सदऱ्यात कडुनिंबाखाली, आजी शेजारीच उन्हात काळ्या चंद्रकळेत. सावली पडली आहे ती आजोबांवर. पण त्यांचा सदरा मधल्या छटांत मोडतो आणि शॅडो ठरते ती आजींची उन्हातली चंद्रकळा! संगणकाला ऊन-सावली कळत नाही. तो नेहमीच्या ८ बिटांच्या फोटोत ० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे, एवढेच मोजतो. गुजरातीत छांयो आणि पडछायो वेगळे आहेत, आपल्याकडेही पडछाया आहे. पण हे सगळे शब्द प्रकाश अडल्याचे सांगतात. इथे प्रश्न फक्त किती काळे, एवढाच आहे.

म्हणून शॅडोला गडद छटा, मिडटोनला मधल्या छटा आणि हायलाइटला उजळ छटा म्हणा. 'रंगछटा' मात्र टाळा, त्याने तांबडा-शेंदरी असा रंगातला फरक डोळ्यांपुढे येतो. टोनल रेंजला मी 'छटांचा पल्ला' म्हणेन. गळ्याचा पल्ला, तोफेचा पल्ला म्हणताना कुठून कुठवर हे आपोआप कळते. 'श्रेणी'त ते येत नाही.

आणि छपाईत हा पल्ला आखडतो, हे पल्ला शब्दाने चटकन सांगता येते. संगणकाचा पडदा स्वतः उजळतो. कागद समोरचा प्रकाश फक्त परतवतो. त्यामुळे कोऱ्या कागदाहून पांढरे आणि शाईहून काळे काही छापता येत नाही. शिवाय छापलेला फोटो शाईच्या बारीक ठिपक्यांचा असतो आणि शाई कागदात पसरून ठिपका फुगतो. याचा सर्वाधिक फटका मधल्या छटांना बसतो : वर्तमानपत्री कागदावर ५० टक्क्यांचा, म्हणजे निम्मा कागद झाकणारा ठिपका ७५ टक्क्यांच्या आसपास दिसू शकतो. चेहरे बहुधा याच छटांत असतात, म्हणून ते काळवंडतात. 'मिडटोन उचला' याचा अर्थ मधल्या छटा आधीच थोड्या उजळून द्या. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या 'लेव्हल्स' या सोयीतली मधली खूण त्यासाठीच असते. 'शॅडो उघडा' म्हणजे चंद्रकळेचे पोत आणि चुण्या शाईत बुजू नयेत इतपत गडद छटांत अंतर ठेवा.

उजळ छटांत एक भेद जरूर करा. नथीच्या मोत्यावरची चमक कोरा कागद राहिली तरी चालते. धोतराच्या निऱ्या मात्र तशा सोडू नयेत. तिथे ३ ते ५ टक्के ठिपका राहू द्या, नाहीतर निऱ्या कागदातच विरतील.

छापखान्यात बोलताना शॅडो, मिडटोन, हायलाइट खुशाल म्हणा, कारागिरांचे शब्द तेच आहेत. मंडळातल्या मुलांना काम शिकवताना मात्र मराठी शब्द वापरा.